अवजार खाली ठेवण्याचा दिवस : चंद्रपूर-गडचिरोलीतील विसाव्याच्या प्रथा आणि चंचल अवधान

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा चांद्याच्या गोंड राजांकडे, वरोरा-बल्लारपूरच्या कोळशाकडे, ताडोबाच्या वाघाकडे आणि जंगलावरील हक्कांच्या लढ्यांकडे जाते. ते स्वाभाविकही आहे. परंतु माणसाने हातातले अवजार केव्हा खाली ठेवावे, किती काळ ठेवावे आणि हे कोणी ठरवावे, याविषयी या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या पाळले गेलेले जे नियम आहेत, त्यांचा स्वतंत्र विचार क्वचितच होतो. आज या विचाराला नवे निमित्त मिळाले आहे. मोबाइल फोन हे अवजार आता जंगलातल्या टोल्यांपर्यंत म्हणजे लहान वस्त्यांपर्यंत पोहोचले असून, ते खाली ठेवणे ज्यांना इतरांपेक्षा कितीतरी अवघड जाते अशा मुलांची आणि प्रौढांची ओळख वैद्यकशास्त्राला पटलेली आहे. ज्या अवस्थेमुळे हे घडते तिला अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार म्हणतात आणि डॉक्टर, शिक्षक व पालक तिचा उल्लेख एडीएचडी या आद्याक्षरांनी करतात.

हा विकार मेंदूच्या विकासाशी निगडित आहे. रेंगाळणाऱ्या कामावर लक्ष टिकवणे, मनात आलेला आवेग क्षणभर आवरणे आणि एका कामातून वेळेवर बाहेर पडून दुसऱ्यात शिरणे, या गोष्टी अशा व्यक्तीला वयाच्या मानाने फार कठीण जातात. उलट एखादी गोष्ट आवडली तर तीत ती इतकी बुडून जाते की तहान-भूक आणि हाका यांचेही भान राहत नाही. आळस, हट्ट किंवा संस्कारांचा अभाव यांच्याशी या अवस्थेचा संबंध नाही, हे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडच्या घरांत आणि वर्गांत अशा मुलाची पहिली ओळख अजूनही ‘वांड’ किंवा ‘धांदरट’ या विशेषणांनीच होते. त्याच्या भावनाही झपाट्याने उसळतात : राग चटकन येतो, नकार खोल लागतो आणि दिवसभर ऐकलेल्या रागावण्याचा साठा संध्याकाळपर्यंत मनात तसाच राहतो. अशा मनाला मोबाइलचा पडदा आसरा वाटतो, कारण तिथे कोणी रागावत नाही आणि दर काही क्षणांनी काहीतरी नवे मिळते. परंतु तो पडदा सोडण्यासाठी लागणारा लगामच या मुलांकडे दुबळा असतो. म्हणून ‘मोबाइल बाजूला ठेव’ हा उपदेश त्यांच्यासाठी जवळजवळ निरुपयोगी ठरतो. या दोन जिल्ह्यांच्या इतिहासाचे मोल नेमके इथे आहे, कारण इथल्या जुन्या प्रथांनी विसावा कधीच एकट्यादुकट्याच्या मनोनिग्रहावर सोपवलेला नव्हता. तो पंचांगाने, गावाने किंवा जंगलाने ठरवायचा आणि सर्वांनी मिळून पाळायचा, अशी रीत होती.

विकाराचा स्वतःचा इतिहासही थोडक्यात पाहण्याजोगा आहे. स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्रायटन यांनी 1798 मध्ये अवधानाच्या जन्मजात अस्थिरतेचे वर्णन केले आणि 1902 मध्ये लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी बुद्धी चांगली असूनही स्वतःला आवरू न शकणाऱ्या मुलांविषयी व्याख्याने दिली. मात्र स्टिल यांनी या अवस्थेला नैतिक नियंत्रणातील उणीव म्हटले आणि त्या शब्दप्रयोगाची सावली या मुलांवर पुढे दीर्घकाळ राहिली. 1937 मध्ये अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथे चार्ल्स ब्रॅडली यांना असे आढळले की उत्तेजक औषधाने काही अस्वस्थ मुले शांत होतात आणि शाळेत रमतात. योगायोग असा की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, चंद्रपूरला लागून असलेल्या वर्धा जिल्ह्यात, गांधीजींच्या पुढाकाराने भरलेल्या शिक्षण परिषदेत मुलाने हाताने काम करीत शिकावे, ही नयी तालीमची कल्पना मांडली गेली. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता, तरी एका ठिकाणी औषधाचा आणि दुसऱ्या ठिकाणी दिवसाच्या रचनेचा विचार होत होता, ही नोंद महत्त्वाची आहे, कारण आजच्या उपचारांत या दोन्ही गोष्टी लागतात. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानसूचीत 1968 मध्ये या अवस्थेला अतिचंचलतेची बालपणीची प्रतिक्रिया म्हटले गेले, 1980 मध्ये अवधानाच्या उणिवेला मुख्य स्थान मिळाले आणि 1987 मध्ये आजचे नाव रूढ झाले.

आता मूळ विषयाकडे वळता येईल. पूर्व विदर्भ हा धानाचा मुलूख आहे. मृगाच्या पावसानंतर बांधीत चिखलणी आणि मग रोवणी, म्हणजे धानाच्या रोपांची लावणी, असा जवळजवळ दोन महिन्यांचा काळ माणसाला आणि बैलाला उसंत देत नाही; ही रोवणी आटोपत आलेली असते तेव्हा श्रावण अमावास्येला पोळा येतो. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचे नाही, नांगर-वखराला हात लावायचा नाही आणि सालगड्याकडून शेतीचे काम घ्यायचे नाही, हा नियम श्रीमंत मालगुजारापासून एका बैलजोडीच्या कास्तकारापर्यंत सर्वांना सारखाच लागू असे. नांगर हे त्या काळाचे तंत्रज्ञान होते आणि पोळा हा त्या तंत्रज्ञानापासूनचा सक्तीचा, पण आनंदाचा, विसावा होता.

या सणाची बांधणी जवळून पाहिली तर तिच्यातले शहाणपण ध्यानात येते. विसावा एकदम, सकाळी उठल्यावर जाहीर होत नाही. त्याची सुरुवात आदल्या संध्याकाळी खांदेमळणीने होते. बैलांना बोडीवर म्हणजे लहान तळ्यावर किंवा नदीवर नेऊन धुतात, जुवाने घट्टे पडलेला त्यांचा खांदा हळद आणि तुपाने चोळतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आमंत्रण त्यांना त्याच वेळी दिले जाते. दुसऱ्या दिवशी शिंगे रंगवणे, झुली चढवणे, घुंगरांच्या माळा बांधणे, मिरवत तोरणाखाली नेणे, तिथे झडत्या म्हणजे सवाल-जबाबाच्या थाटाची लोकगीते म्हणणे आणि तोरण तुटल्यावर घरोघर ओवाळून घेणे, अशा कामांनी तो दिवस भरलेला असतो. तिसऱ्या दिवशी तान्हा पोळा येतो, ज्यात लहान मुले लाकडी बैल ओढत दारोदार जातात आणि बोजारा म्हणजे खाऊ किंवा पैसे मिळवतात. याचा अर्थ असा की थांबण्याची पूर्वसूचना आहे, थांबल्यावर हातांना दुसरे काम आहे, सोबतीला सारे गाव आहे आणि कामाकडे परतण्यापूर्वी एक हलका दिवस आहे. एडीएचडी असलेल्या मुलाच्या हातातून फोन खेचून घेतला की घरात जो उद्रेक होतो, तो बहुतेक वेळा यांपैकी एकही गोष्ट नसल्यामुळे होतो.

आश्विनातील खंडेनवमीला हाच विचार अवजारांना थेट लागू केलेला दिसतो. सुताराचा वाकस आणि रंधा, लोहाराचा घण, शेतकऱ्याचा विळा, जंगलात जाणाऱ्याची कुऱ्हाड, दुकानदाराचा तराजू ही सारी त्या दिवशी धुऊन-पुसून मांडायची, त्यांना हळद-कुंकू आणि झेंडूची फुले वाहायची आणि तो दिवस ती वापरायची नाहीत, अशी रीत होती. जे साधन रोज माणसाला राबवते त्याच्याकडे एक दिवस हात जोडून, अंतरावरून पाहणे हा मनाला दिलेला मोठा धडा होता. चंद्रपूरच्या कार्यशाळांत, खाणींत आणि दुकानांत ही पूजा आजही होते, ट्रकांना आणि यंत्रांना हार घातले जातात, संगणकावरही फूल वाहिले जाते. परंतु साधन दिवसभर बंद ठेवण्याचा भाग बऱ्याच ठिकाणी गळून पडला आहे. प्रथेचा हा अर्धा भाग गेला याचे दुःख वाटायला हवे, कारण फुलांपेक्षा तोच अधिक मोलाचा होता.

गडचिरोलीच्या दक्षिणेकडील भामरागड, एटापल्ली या तालुक्यांत राहणाऱ्या माडिया गोंडांच्या वार्षिक जीवनात पंडुम म्हणजे सण यांना असेच स्थान आहे. बियाणे शेतात नेण्यापूर्वी होणारा विज्जा पंडुम हा त्यांतला प्रमुख सण होय. नवे फळ किंवा नवे धान्य गावाने मिळून विधी केल्याशिवाय खायचे नाही, ही गोंड समाजातील जुनी शिस्त आहे, आणि पेरमा म्हणजे गावचा पुजारी व जाणती माणसे मिळून तिचा दिवस ठरवतात. झाडावर फळ दिसते आहे, हात पोहोचतो आहे आणि तरीही सारे गाव थांबले आहे, ही स्थिती लहान मुलाच्या दृष्टीने विचारात घेतली तर तिची ताकद कळते : थांबणे ही त्याची एकट्याची शिक्षा नसते. आवेग आवरण्याचे शिक्षण यापेक्षा सौम्य रीतीने देणे कठीण आहे.

गोटुल या संस्थेवर फार लिहिले गेले आहे, आणि त्यातले बरेचसे बस्तरच्या मुरियांविषयी व्हेरिअर एल्विन यांनी 1947 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाच्या प्रभावाखाली, बाहेरच्या कुतूहलापोटी लिहिलेले आहे. गडचिरोलीच्या संदर्भात गोटुलचे महत्त्व तरुणांचे व गावाचे एकत्र बसण्याचे घर म्हणून आहे, जिथे दिवसाचे काम संपल्यावर ढोल, गाणी, गोष्टी आणि गावाच्या प्रश्नांची चर्चा होई. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने मोडकळीस आलेली ही संस्था 1980 च्या दशकात पुन्हा उभारण्याचे ठरवले. त्यासाठी आणलेल्या सागवानावरून वन विभागाशी संघर्ष झाला, बांधलेले गोटुल पाडले गेले, आणि गावाने ते पुन्हा बांधले. देवाजी तोफा यांचे नेतृत्व आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची साथ लाभलेल्या या गावाने पुढे सर्वसहमतीने निर्णय घेण्याची आणि अभ्यास गटांतून शिकण्याची पद्धत रुजवली व 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मिळवला. त्या हक्काची कहाणी सर्वत्र सांगितली जाते. पण संध्याकाळी एकत्र बसण्याची जागा परत मिळवण्यासाठी आधी एक लढा दिला गेला होता, हे त्या कहाणीतले पहिले पान आहे.

कोळशाच्या खाणींनी या मुलखात वेगळ्या प्रकारचा काळ आणला. वरोऱ्याची सरकारी खाण 1870 च्या दशकात सुरू झाली आणि 1906 मध्ये बंद पडली, त्यानंतर बल्लारपूरकडे काम वाढले. पुढे कागद कारखाना आणि औष्णिक वीज केंद्र आले. आता थांबण्याची वेळ पंचांगाऐवजी भोंगा सांगू लागला. साप्ताहिक सुट्टी मात्र आपोआप आली नाही. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित करून 10 जून 1890 रोजी रविवारची सुट्टी मिळवली, 1891 च्या कारखाना कायद्याने तिला आधार दिला आणि खाण कामगारांच्या आठवड्याला 1923 च्या खाण कायद्याने मर्यादा घातली. मालकाने कामगाराला कधीही ‘थकलास तर थांब’ असे सांगितले असते, तरी एकटा कामगार थांबू शकला नसता. सर्वांसाठी एकच दिवस ठरला तेव्हाच विसावा खरा झाला.

विसाव्याच्या या परंपरेत स्वातंत्र्योत्तर काळातील सर्वांत विचारपूर्वक केलेला प्रयोग मूल तालुक्यातील सोमनाथ येथे झाला. मुरलीधर देवीदास तथा बाबा आमटे यांनी 1949 मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना करून वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले, आणि 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात सोमनाथच्या जंगलालगतच्या जमिनीवर कुष्ठरोगमुक्त माणसांच्या श्रमातून शेती उभी केली. तिथे श्रमिक विद्यापीठ व्हावे हे त्यांचे स्वप्न होते, आणि त्याच स्वप्नातून श्रमसंस्कार छावणी जन्मली. मे महिन्यातल्या एका आठवड्यासाठी महाराष्ट्रभरातून येणारे तरुण इथे तंबूत किंवा साध्या निवाऱ्यात राहतात, उजाडण्यापूर्वी उठतात, ऊन चढण्याआधी कुदळ, फावडे आणि घमेली घेऊन बांधबंदिस्तीचे काम करतात, दुपारी झाडाखाली किंवा सभामंडपात व्याख्याने व चर्चा होतात आणि संध्याकाळ गाण्यांची असते. चंद्रपूरचा मे महिना, ज्यात पारा सहज 45 अंशांच्या पुढे जातो, तो बाबांनी निवडला यावरून त्यांचा तरुणांवरचा विश्वास दिसतो.

या छावणीचा उद्देश समाजाशी नाते जोडण्याचा होता, कोणत्याही विकारावरील उपचाराचा नव्हता, आणि तिला तसे रूप देणे अन्यायाचे होईल. तरीही तिची दिनचर्या चंचल अवधानाच्या दृष्टीने तपासली तर विलक्षण अनुकूल दिसते. दिवसाचे तुकडे आधीच पाडलेले असतात, म्हणून ‘आता काय करावे’ या प्रश्नात मन अडकत नाही. शरीर भरपूर वापरले जाते, आणि व्यायामानंतर काही काळ अवधान व आत्मनियंत्रण सुधारते, असे या क्षेत्रातील अभ्यास सांगतात. काम डोळ्यांना दिसते, कारण सकाळी नसलेला बांध दुपारी उभा असतो. आणि घमेल्यांच्या साखळीत उभ्या असलेल्या मुलाचे लक्ष भरकटले तरी शेजाऱ्याचे हात त्याला परत आणतात. मानसशास्त्र ज्यांना कार्यकारी क्षमता म्हणते, म्हणजे योजना आखणे, वेळेचा अंदाज ठेवणे, आवेग थोपवणे, त्या क्षमता जिथे कमकुवत असतात तिथे बाहेरची रचना त्यांची जागा घेऊ शकते. सोमनाथची छावणी अशा बाहेरच्या रचनेचा नमुना आहे.

इथे एक सावधगिरी बाळगावी लागते. जंगलात राहणारी माणसे संपर्काविना सुखी होती, असा सोयीस्कर समज शहरी लेखनात वारंवार डोकावतो, आणि तो खोटा आहे. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनी 23 डिसेंबर 1973 रोजी हेमलकसा येथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाल्यावर तिथे दवाखाना चालवायला घेतला तेव्हा वीज नव्हती, रस्ता नव्हता आणि पावसाळ्यात पर्लकोटा, पामुलगौतमी या नद्या चढल्या की बाहेरच्या जगाशी संबंध तुटत असे. त्या तुटलेपणात सर्पदंशाचे आणि अडलेल्या बाळंतपणाचे रुग्ण दगावत. करोनाच्या काळात शाळा मोबाइलवर गेल्या तेव्हा जिथे मोबाइलचा मनोरा नव्हता तिथल्या मुलांचे शिक्षणच थांबले. ज्याच्याकडे साधन नाही त्याच्या अभावाला विसावा म्हणणे क्रूर आहे. विसावा त्यालाच म्हणावा, ज्यात साधन हाताशी असते आणि माणसे मिळून ते काही काळ बाजूला ठेवतात. एडीएचडी असलेल्या व्यक्तीला तर फोनमधील आठवण-घंटा, औषधाच्या वेळेची सूचना आणि दिवसाची यादी या गोष्टी खरोखर उपयोगी पडतात, त्यामुळे साधनाचा कायमचा त्याग हा तिच्यासाठी योग्य मार्ग नाही.

मोहाच्या वस्तूपासून गावाने मिळून दूर राहण्याचा एक मोठा राजकीय अनुभवही गडचिरोलीजवळ आहे. अभय आणि राणी बंग यांनी 1985 मध्ये सर्च ही संस्था स्थापन केली, त्यानंतर जिल्ह्यात उभ्या राहिलेल्या दारूमुक्ती आंदोलनात स्त्रिया मोठ्या संख्येने उतरल्या आणि 1993 मध्ये जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. 2016 पासून मुक्तिपथ या कार्यक्रमातून गावसंघटना आणि व्यसनमुक्तीचे उपचार यांची सांगड घातली जाते. दारू आणि मोबाइल एकाच मापाने मोजता येत नाहीत. दारूविना जीवन उत्तम चालते, फोनविना आज चालत नाही. शिवाय शेजारच्या चंद्रपुरात 2015 मध्ये आलेली बंदी 2021 मध्ये उठवली गेली, यावरून केवळ वरून आलेल्या आदेशाची मर्यादाही दिसते. परंतु मोहाची वस्तू डोळ्यांसमोर असताना एकट्याने नाही म्हणण्यापेक्षा गावाने ठरवलेला नियम पाळणे सोपे असते, हा त्या चळवळीचा अनुभव मोबाइलच्या बाबतीतही खरा आहे.

ताडोबाचा इतिहास या विषयाला सर्वांत थेट भिडतो. तारू या गोंड गावप्रमुखाचा वाघाशी झुंजताना मृत्यू झाला, अशी आख्यायिका असून तलावाकाठी त्याचे ठाणे आहे आणि पौष महिन्यात तिथे यात्रा भरत असे. 1935 मध्ये इथे शिकार बंद झाली, 1955 मध्ये महाराष्ट्रातील पहिले राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले, 1986 मध्ये अंधारी अभयारण्य घोषित झाले आणि 1990 च्या दशकात दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. जंगलाला स्वतःचा विसावा देण्याची पद्धत इथे पक्की आहे : गाभा क्षेत्र, म्हणजे सुमारे 625 चौरस किलोमीटरचा संरक्षित अंतर्भाग, दर मंगळवारी आणि पावसाळ्याचे तीन महिने पर्यटकांना बंद असते. 2018 च्या अखेरीस याच गाभा क्षेत्रात पर्यटकांनी मोबाइल नेण्यास बंदी घालण्यात आली. वाघ दिसल्याची खबर फोनवरून पसरून एकाच ठिकाणी जिप्सी गाड्यांची गर्दी होते आणि छायाचित्राच्या नादात माणसे गाडीबाहेर झुकतात, ही त्यामागची कारणे होती. माणसाच्या मनाचा विचार त्यात नव्हता.

परिणाम मात्र मनावरही होतो. मोहर्ली किंवा कोलारा प्रवेशद्वारातून सकाळी आत शिरलेली जिप्सी काही अंतरावर थांबते, चालक इंजिन बंद करतो आणि गाइड हात वर करून गप्प राहण्याची खूण करतो. मग रस्त्याच्या धुळीत पंजाचा माग ताजा आहे की रात्रीचा, याचा अंदाज घेतला जातो, झाडावरच्या वानराची खोकल्यासारखी हाक किंवा चितळाचा तीक्ष्ण आवाज आला की ‘कॉल आला’ एवढेच शब्द उच्चारले जातात, आणि पुन्हा सर्वांचे कान जंगलाकडे लागतात. एरवी दोन मिनिटे स्थिर न बसणारे मूल या शोधात गुंतून जाऊ शकते, कारण इथे लक्ष बळेच धरून ठेवावे लागत नाही, ते परिसर हळुवारपणे ओढून घेतो. विल्यम जेम्स यांनी 1890 मध्ये प्रयत्नपूर्वक दिलेले अवधान आणि आपोआप वेधले जाणारे अवधान यांत भेद केला होता. त्याच पायावर रेचल व स्टीफन कॅपलान यांनी 1989 मध्ये अशी मांडणी केली की पहिल्या प्रकारचे अवधान थकते आणि निसर्गाच्या सहवासात दुसऱ्या प्रकारचे अवधान जागे होऊन पहिल्याला विश्रांती मिळते. आंद्रेया फेबर टेलर आणि फ्रान्सिस कुओ यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अवधान-न्यूनता असलेली 7 ते 12 वर्षांची 17 मुले उद्यानात, शहराच्या गजबजलेल्या भागात आणि निवासी वस्तीत प्रत्येकी 20 मिनिटे चालली, आणि उद्यानातील फेरीनंतर त्यांची एकाग्रता अधिक चांगली आढळली. मुलांची संख्या लहान असल्याने या निष्कर्षावर फार मोठी इमारत उभारू नये, आणि जंगल हा औषधाला पर्याय आहे असे तर मुळीच समजू नये.

पडद्याच्या बाजूनेही पुरावा सावधपणे वाचला पाहिजे. लॉस एंजलिसमधील 2,587 किशोरवयीन विद्यार्थ्यांचा दोन वर्षे पाठपुरावा करून 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, डिजिटल माध्यमे वारंवार वापरणाऱ्यांत पुढे एडीएचडीची लक्षणे काहीशी अधिक आढळली. तो संबंध मर्यादित होता आणि माध्यमांमुळेच लक्षणे निर्माण झाली, असे त्यावरून सिद्ध होत नाही. फोन दूर ठेवल्याने विकार बरा होत नाही. मिळते ते इतकेच की सततच्या खुणावण्याने थकलेल्या मनाला श्वास घेता येतो, झोपेची वेळ सावरते आणि घरातले खटके कमी होतात. भावनांच्या बाबतीत हे ‘इतकेच’ फार मोठे असते.

विसाव्याच्या जुन्या प्रथेला नवे रूप देण्याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण या दोन जिल्ह्यांबाहेर, सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव येथे आहे. 15 ऑगस्ट 2022 पासून तिथे रोज संध्याकाळी 7 वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी दूरदर्शन संच व मोबाइल बंद राहतात. मुले अभ्यासाला आणि मोठी माणसे वाचनाला किंवा गप्पांना बसतात. सुरुवातीला शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्त्या घरोघरी फिरल्या, तेव्हा ही सवय लागली. खाणीचा भोंगा कामावर बोलावण्यासाठी होता; या गावाने तो थांबण्यासाठी वापरला. गोटुल, पंडुम आणि दारूमुक्ती यांचा अनुभव असलेल्या गडचिरोलीच्या ग्रामसभांना असा नियम करणे सांगलीपेक्षा अवघड जाण्याचे काही कारण नाही.

असा नियम करताना मात्र चंचल अवधानाच्या मुलाचा विचार आधी व्हावा. भोंग्यापूर्वी काही मिनिटे इशारा मिळावा, कारण बुडालेल्या खेळातून वर येण्यास त्याला इतरांहून अधिक वेळ लागतो. सुटलेल्या वेळेत त्याला पाठ टेकवून बसायला सांगण्याऐवजी पाणी भरणे, अंगण झाडणे, ढोल वाजवणे, धावणे अशी हातापायांची कामे मिळावीत. पहिले काही दिवस चिडचिड वाढेल हे घरच्यांनी गृहीत धरावे आणि ती बेशिस्त समजू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे फोन त्या एकट्या मुलाचा काढून घेऊ नये. बापाचा, काकाचा आणि शिक्षकाचा फोनही त्याच खुंटीला अडकवावा, कारण पोळ्याच्या दिवशी एकाच बैलाला सुट्टी देऊन बाकीचे जुंपण्याची रीत कोणत्याही गावात नव्हती.

निदान आणि उपचार यांना प्रथा पर्याय ठरत नाही. शाळा व अंगणवाड्यांतील मुलांची तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या 30 निवडक अवस्थांत एडीएचडीचा समावेश आहे, त्यामुळे गडचिरोलीतील आश्रमशाळेच्या शिक्षकालाही तपासणी पथकाकडे अशा मुलाचे नाव देता येते, आणि 14416 या टेली-मानस क्रमांकावर मानसिक आरोग्याचा सल्ला विनामूल्य मिळतो. ज्या शिक्षकाच्या वर्गात असे मूल आहे त्याने त्याला पुन्हा एकदा रागावण्यापूर्वी हे दोन मार्ग वापरावेत.